थोरलीची जागा

ऋतिका जाऊन तीन महिने झाले होते, आणि त्या तीन महिन्यांत तिच्या नवऱ्याने, युवराजने, सासरच्या कुणालाही आपणहून फोन केला नव्हता. म्हणून बेळगावच्या मेडिकलमध्ये एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला गोळ्यांच्या वेळा समजावून सांगताना मोबाईलवर 'दाजी' असं नाव आलं, तेव्हा रचनाने बोलणं अर्धवट सोडून तो उचलला.

"रचना, मासे मरायलेत गं," तो म्हणाला. कशी आहेस नाही, काय नाही. "थोरली दोन दिवस झाले खाईना. तुला त्यातलं कळतंय. आठ दिवस येऊन जाशील काय?"

रचनाला त्यातलं खरंच कळत होतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या बहिणीने, ऋतिकाने, निपाणीच्या घरात खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, तेव्हा रोज दुपारी दोघी बहिणी व्हिडिओ कॉलवर बसायच्या. शुद्ध पाण्यात समुद्री मीठ किती कालवायचं, दगड कसे रचायचे, दिवा किती तास ठेवायचा, सगळं दोघींनी मिळून वाचलं, मिळून चुकवलं. शेवटी हॉलमध्ये चार फुटांचा समुद्र उभा राहिला. जांभळट दगड, त्यांना धरून वाढणारी प्रवाळं, मधोमध बोटांसारखे मऊ तंतू हलवणारं एक समुद्रफूल, आणि त्यात खेळणारे पाच क्लाउनफिश. केशरी अंग, त्यावर पांढरे पट्टे. येणारे-जाणारे त्यांना जोकर मासे म्हणत.

पाचही मासे ऋतिकाने एकाच दिवशी, नखाएवढे असताना आणून सोडले होते. एकेक करून आणले तर आधीचे नंतरच्याला जगू देत नाहीत, हे तिला माहीत होतं. महिन्याभरात त्यांनी आपापसांत पायऱ्या ठरवून घेतल्या. सगळ्यांत मोठी ती मादी, तिला ऋतिका थोरली म्हणायची. तिच्या खालचा तो मालक. मग मधलं, चौथं आणि धाकलं.

"ह्यांच्यात बाई एकच असत्या," ऋतिकाने तेव्हा फोनवर सांगितलं होतं. "ती गेली की तिचा नवरा हाय न्हवं, तोच बाई होतो. तिच्याएवढा वाढतो, तिच्यासारखा वागतो, तिची जागा घेतो. मधलं मग मालक होतंय."

"म्हणजे आधीचा तो राहतच न्हाय?" रचनाने विचारलं होतं.

"कशाला राहतोय?" ऋतिका हसली होती.

ती चौतिसाव्या वर्षी गेली. सकाळी पोहे परतताना डोकं धरून खाली बसली, ती परत उठलीच नाही. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मूल नव्हतं. घरात मागे राहिले ते युवराज आणि त्याची आई मालुबाई.

रचना रजा टाकून निपाणीला पोचली, तेव्हा थोरली टाकीच्या तळाला आडवी पडून कल्ले हलवत होती. रचनाने पाण्याचा थेंब घेऊन खारेपणा मोजायचं यंत्र डोळ्याला लावलं आणि लगेच युवराजकडे वळली.

"दाजी, पाणी कमी झालं की तुम्ही काय घालत होता?"

"मिठाचं पाणी. खारं पाणी कमी होतंय म्हणून खारंच घालायला पाहिजे न्हवं?"

"पाणी उडून जातंय, मीठ न्हाय उडत. मीठ तितकंच राहतंय. साधं शुद्ध पाणी घालायचं असतंय."

युवराज ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायचा. एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचली नाही, हे कळल्यावर तो सोफ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रचनाने खारेपणा हळूहळू, पाच दिवस लावून खाली आणला. एकदम आणला असता तर बाकीचेही गेले असते. थोरली तिसऱ्या दिवशी मेली. चौघे वाचले.

आठ दिवसांचे तीन आठवडे झाले. पाणी थाऱ्यावर येईना म्हणून, मग मालुबाईंचा गुडघा दुखतोय म्हणून. रचनाने रजा वाढवून घेतली. ऋतिकाची एक वही टाकीखालच्या कपाटात होती. रोजची तारीख, पाण्याचे आकडे, आणि त्या दिवशी कुणी कुणाला हाकललं याची एक ओळ. रचना त्याच वहीत पुढे लिहू लागली.

पहिल्याच आठवड्यात तिच्या एक गोष्ट लक्षात आली. दुपारी चार वाजले की टाकीचा पंप आपोआप बंद पडायचा. दिवे चालू, पंखा चालू, म्हणजे करंट गेलेला नसायचा. दिवसभर कानात बसलेली ती घरघर अचानक थांबायची आणि घर इतकं गप्प व्हायचं की पलीकडच्या वखारीत तंबाखूची पोती टाकल्याचा आवाज यायचा. दहा मिनिटांनी पंप आपोआप चालू व्हायचा. आणि त्या दहा मिनिटांत चारही मासे समुद्रफूल सोडून टाकीच्या डाव्या कोपऱ्यात यायचे. काचेला तोंड लावून ओळीने थांबायचे. रचना उजवीकडे खाणं घेऊन उभी असली तरी तिकडे फिरकायचे नाहीत. समोर कुणी नसताना कुणाकडे तरी बघत राहायचे.

मालुबाई आपल्या खोलीच्या दारात बसून हे बघत असायच्या.

"चारला ती येत्या," त्या एकदा म्हणाल्या. "त्यांना खायला घालत्या, मग जात्या."

"कोण हो, मावशी?"

"कोण म्हणजे? ऋतिका."

मालुबाई सत्तरीच्या होत्या, सदलग्यात शेतात राबलेल्या, भुताखेतांची टिंगल करणाऱ्या. त्यांनी हे 'दूधवाला येतो' इतक्या सरळपणे सांगितलं. युवराजला विचारायचं तिने ठरवलं, पण त्या दिवशी तो कॉलेजातून आला तो तोंड उतरवून, आणि विचारायचं राहून गेलं.

पंधरवड्याने युवराज बेळगावहून पाण्याने फुगलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. आत एकच क्लाउनफिश होता.

"दाजी, हे कशाला आणलं? मी सांगितलंतं की, नवीन चालत न्हाय म्हणून."

"पाच होते गं," तो म्हणाला. "पाचच पाहिजेत. चार बघवत न्हायत मला."

"ते मारतील त्याला."

"छोटं हाय. घेतील सांभाळून."

रचनाने नाही म्हटलं, दोनदा म्हटलं, पण त्याच्या डोळ्यांत बघून तिसऱ्यांदा म्हणवेना. दगडांची जागा बदलून, दिवा मंद करून तिने नवा मासा सोडला. पहिला तासभर काही झालं नाही. मग मालक दगडामागून आला. तो आता पूर्वीचा मालक राहिला नव्हता. तीन-चार आठवड्यांत तो लांबीला वाढला होता, रंग काळपट केशरी झाला होता, आणि मधलं त्याच्यापुढे अंग थरथरवून मान तुकवायचं, जसा तो स्वतः थोरलीपुढे तुकवायचा. त्याने नव्याला आधी नुसतं ढोसलं. मग मधल्याने. मग चौथ्याने. सगळ्यांत शेवटी धाकल्यानेही, ज्याला आजवर सगळे मारत आले होते. रचना जाळी घेऊन नव्याला पकडायला गेली, पण तो घाबरून दगडांच्या फटीत शिरला तो हाती लागला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो फटीतच सापडला. शेपटी आणि पर फाटून गेले होते.

युवराजने त्याला परसातल्या शेवग्याच्या बुडाशी पुरलं. हात धुताना एवढंच म्हणाला, "तुझं ऐकायला पाहिजे होतं."

त्याच आठवड्यात कंग्राळीच्या घरून आईचा, जयाबाईंचा, फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि मग आवाज हळू झाला.

"रचना, आम्ही एक बोलत होतो. युवराज माणूस सोन्यासारखा हाय. त्या घराला तुझी सवय झाल्या, तुला त्या घराची. तुझ्या आप्पांच्या बी मनात हाय."

"काय मनात हाय?"

"तुला काय नवं करायचं न्हाय गं. घर बसलेलंच हाय. भांडी कुठली कुठं, तुला ठावं हाय. आक्काची जागा तू घेतलीस तर तिच्या जिवाला बी बरं वाटंल."

रचनाने फोन ठेवला आणि किती तरी वेळ स्वयंपाकघरात उभी राहिली. खरंच होतं ते. मोहरीचा डबा न बघता हातात येत होता. दुधाचं पातेलं ती ऋतिका ठेवायची त्याच कोनाड्यात ठेवत होती. तिथे ठेवायला कधी लागली, ते आठवत नव्हतं. युवराज वाईट नव्हता. त्याच्याबद्दल तिच्या मनात माया होती, पण ती दाजींबद्दल असावी तेवढीच. हे आईला कसं सांगावं ते तिला सुचेना. मेलेल्या बहिणीच्या घरात उभं राहून 'मला हे नको' म्हणणं म्हणजे बहिणीलाच नको म्हटल्यासारखं वाटत होतं.

मग तो शुक्रवार आला.

रचना टाकीचं पाणी बदलत होती. नळी निसटली आणि खारं पाणी तिच्या अंगावर आलं. कुडता चिंब झाला. तिचे बाकीचे कपडे धुऊन दोरीवर होते. मालुबाई उठल्या, कपाट उघडलं आणि ऋतिकाचा मोरपंखी पंजाबी ड्रेस काढून आणला. इस्त्री केलेला.

"घाल. कोरडं हाय ते."

"नको मावशी."

"सर्दी हुईल. ठेवून तरी काय करायचंय त्याचं?"

रचनाने घातला. तो तिला अगदी बेतून शिवल्यासारखा बसला. खरं तर ऋतिका तिच्यापेक्षा अंगाने भरलेली होती. ओले केस वर बांधून, कपाटावर पडलेली कुठली तरी क्लिप लावून ती हॉलमध्ये आली, तेव्हा पंप बंद पडला. चार वाजले होते.

ती टाकीजवळ गेली आणि मासे तिच्याकडे आले. चारही. काचेला नाक लावून, शेपट्या हलवत, एकमेकांना ढकलत. तिने वरून खाणं सोडलं, तर तिच्या बोटांना तोंड लावून खाऊ लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. तिला इतका आनंद झाला की ती हसली. मग तिच्या लक्षात आलं की आपण डाव्या कोपऱ्यात उभ्या आहोत. आणि आपलं नख काचेवर हळूच टकटक करतंय. ही सवय तिची नव्हती.

"ऋतू," मागून हाक आली.

"आं?" ती म्हणाली, आणि वळली.

दारात युवराज उभा होता. खांद्याला बॅग, हातात एक चप्पल, दुसरी पायातच. त्याचा चेहरा क्षणभर इतका मोकळा झाला होता, इतका सुखी, की तसा तिने तो निपाणीला आल्यापासून पाहिला नव्हता. मग तो चेहरा विझला. पण रचनाला त्याची भीती वाटली नाही. भीती वाटली ती स्वतःची. तिने ओ दिली होती. त्या नावाला, विचार न करता, जन्मापासून ते आपलंच असावं तशी.

आत खोलीतून मालुबाई म्हणाल्या, "बघ, आली म्हटलंतं न्हवं?"

रचना न्हाणीत गेली, ड्रेस काढला, आपला ओला कुडताच अंगात चढवला आणि दार लावून घेऊन बसली. बाहेर आली तेव्हा दिवेलागण झाली होती. युवराज जेवणाच्या टेबलाशी बसला होता. समोर टाकीची वही उघडी होती.

"दाजी, मला बोलायचंय."

"बस."

"आई तुमच्याशी बोलली काय, लग्नाचं?"

त्याने मान हलवली. "परवा बोलल्या."

"तुम्ही काय म्हटलं?"

"व्हय म्हटलं न्हाय. पण न्हाय बी म्हटलं न्हाय. खोटं कशाला बोलू?" त्याने वही तिच्याकडे सरकवली. "हे बघ. मघापासून बघायलोय. तिचं कुठं संपतंय आणि तुझं कुठं चालू होतंय, ते तारीख बघितल्याशिवाय कळत न्हाय मला."

रचनाने पानं उलटली. पहिल्या आठवड्यातलं तिचं अक्षर तिचंच होतं, उभं आणि तुटक. पुढे ते हळूहळू उजवीकडे कललं होतं. शेवटच्या पानावरचा 'ळ' ऋतिकाचा होता, खाली शेपूट ओढलेला.

"मला हे लग्न नकोय," ती म्हणाली. "तुमचा राग न्हाय. पण मी हितं राहिले तर मीच राहणार न्हाय. आज मी ओ दिली, दाजी. तुम्ही आक्काला हाक मारली आणि मी ओ दिली."

युवराजने वही आपल्याकडे ओढून मिटली. मग म्हणाला, "मला बी तेव्हा भ्या वाटलं. कारण मला बरं वाटलंतं."

त्याने खिशातून एक मोबाईल काढून टेबलावर ठेवला. तो ऋतिकाचा होता. मागचं गुलाबी कव्हर रचनानेच घेऊन दिलेलं.

"पंपाचं तू विचारणार म्हणून वाट बघत होतो. पंप ह्या फोनला जोडलेला हाय, ह्याच्यात तिनं वेळ लावून ठेवल्या. खायला घालताना पाणी थांबावं म्हणून रोज चारला दहा मिनिटं बंद. मी काढली न्हाय ती वेळ. फोन रोज चार्ज करतोय. चारला कॉलेजात असलो तरी घड्याळ बघतो आणि म्हणतो, आता ती टाकीजवळ हाय."

"मावशींना माहीत हाय?"

"न्हाय. सांगायचं धाडस झालं न्हाय."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. रचनाने त्याला टाकीपुढे बसवलं आणि पहिल्यापासून शिकवलं. मीठ किती, साधं पाणी कधी, खारेपणा कसा वाचायचा. तो विद्यार्थ्यासारखा एका नव्या वहीत लिहून घेत होता. धाकल्याची शेपटी पुन्हा फाटली होती, ते पाण्याच्या वरच्या थराला चिकटून राहत होतं. नव्या थोरलीला, म्हणजे पूर्वीच्या मालकाला, आता मधल्याशिवाय कुणी नको होतं. म्हणून रचनाने चौथं आणि धाकलं, दोघांना जाळीत धरून वेगळं काढलं. ऋतिकाची मैत्रीण उपासना निपाणीतच दातांची डॉक्टर होती. तिच्या दवाखान्यात खाऱ्या पाण्याची एक छोटी टाकी मासे नसताना नुसती चालू होती. दुपारी ती स्वतः येऊन दोघांना घेऊन गेली. जाताना तिने रचनाला घट्ट मिठी मारली आणि कानात म्हणाली, "जा तू. लोक बोलतील. बोलू दे."

चारला पाच मिनिटं असताना युवराजने ऋतिकाचा मोबाईल हातात घेतला. अंगठा काचेवर धरून तो थांबला. मग त्याने ती वेळ काढून टाकली.

चार वाजले. पंप चालूच राहिला.

मालुबाई खोलीतून भिंत धरून बाहेर आल्या. कान देऊन उभ्या राहिल्या. मग लेकाकडे बघून म्हणाल्या, "आज आली न्हाय व्हय रं?"

युवराज उठला, त्यांच्याजवळ गेला. "न्हाय, आई. ती आता यायची न्हाय."

हे वाक्य त्या घरात तोवर कुणी बोललं नव्हतं. मालुबाई मटकन खुर्चीत बसल्या. सून गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या, त्या आता रडल्या, मोठ्याने, तिचं नाव घेऊन. युवराज त्यांच्या पायाशी बसून होता. त्या दोघांकडे पाठ करून रचना टाकीपाशी उभी राहिली. उरलेले दोन मासे डाव्या कोपऱ्यात आले होते. पंप चालू होता, पाणी वाहत होतं, खाणं कुणी टाकलं नव्हतं. तरी ते दोघं काचेला तोंड लावून, बरोबर दहा मिनिटं, समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत थांबले. त्याचं कारण रचनाला त्या दिवशी सापडलं नाही, आणि नंतरही नाही.

रविवारी सकाळच्या बसने ती बेळगावला परतली.

कंग्राळीला ती गेली नाही. पिरनवाडीत एक खोली घेऊन राहिली. नकार ऐकल्यावर आईने बोलणंच टाकलं होतं. "एका लेकीला देवानं नेलं, दुसरी आपल्या पायानं गेली," असं आई शेजारणीजवळ म्हणाल्याचं तिच्या कानावर आलं. युवराज महिन्यातून एकदा पाण्याचे आकडे पाठवायचा. एकदा त्याने लिहिलं की दगडाच्या उतरणीवर केशरी अंडी दिसतायत आणि आता मालक झालेलं मधलं त्यांना वारा घालतंय. तिने 'छान' असं उत्तर दिलं.

सहा महिन्यांनी एका दुपारी मेडिकलच्या काउंटरपुढे आप्पा येऊन उभे राहिले. तिचे वडील परशराम कधी शहरात एकटे यायचे नाहीत. इस्त्रीचा सदरा घालून, टोपी हातात धरून ते गिऱ्हाइकांच्या मागे रांगेत थांबले होते.

"आईनं जेवायला बोलावलंय," पाळी आल्यावर ते म्हणाले. "चल."

"ती बोलली?"

"तोंडानं न्हाय. पण दोन दिस झाले, तुझं ताट घासून पालथं घालायली."

रचना गेली. जयाबाई चुलीपुढे पाठमोऱ्या बसल्या होत्या. 'आलीस?' असं त्या म्हणाल्या नाहीत. रचना पाटावर बसली. आईने तव्यावरची भाकरी उलटली.

मग मान न वळवता तिने विचारलं, "मेथी करू का वांगं? तुला काय आवडतंय गं?"

एवढा साधा प्रश्न. रचनाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तिला थांबावं लागलं. जिभेवर आलेलं उत्तर नक्की आपलंच आहे ना, हे ती आठवून बघत होती. आई वळून तिच्याकडे बघू लागली.

"सांगते," रचना म्हणाली. "जरा थांब, आई. सांगते."